सांभाळून घेणं

पुलावरचे दिवे जातात. थोड्या वेळानं परत येतात तेव्हा रस्त्यात एक बाई आडवी पडलेली असते, बरोब्बर सरहद्दीच्या रेषेवर. कमरेच्या वर स्वीडनमध्ये, कमरेच्या खाली डेन्मार्कमध्ये. दोन्हीकडचे पोलीस येतात. प्रेत उचलायला जावं तर ते मधूनच सुटं होतं. ती एक बाई नसतेच. वरचा भाग स्वीडनमधल्या माल्मो शहराच्या राजकारणातल्या एका वजनदार बाईचा, खालचा एका डॅनिश वेश्येचा.

'ब्रोन' ही मालिका अशी सुरू होते. हे स्वीडिश नाव, डॅनिशमध्ये 'ब्रोएन'. अर्थ एकच, पूल. दोन्ही देशांच्या सार्वजनिक टीव्हीनं मिळून ती काढली. हान्स रोसेनफेल्ट हा तिचा मुख्य लेखक. २०११ पासून २०१८ पर्यंत चार सीझन झाले. पुढे अमेरिका-मेक्सिकोच्या सरहद्दीवर, इंग्लंड-फ्रान्समधल्या बोगद्यात, सिंगापूर-मलेशियात तिच्या आवृत्त्या निघाल्या. मी मूळ मालिका दोनदा पाहिली आणि तिच्यातल्या एका गोष्टीनं मला गेली काही वर्षं सोडलेलं नाही. ती सांगायची तर शेवट सांगावे लागतील. ज्यांना आधी पाहायची आहे त्यांनी इथेच थांबावं.

त्या प्रेतापेक्षाही माझ्या मनात राहिली ती त्यानंतर लगेच येणारी ॲम्ब्युलन्स. पूल बंद केलेला आहे. ॲम्ब्युलन्समध्ये हृदयाचा रुग्ण आहे, सोबत त्याची बायको. स्वीडनची पोलीस अधिकारी सागा नोरेन सांगते, गाडी सोडता येणार नाही, पुरावे जातील. बायको विनवण्या करते. डेन्मार्कचा मार्टिन रोदे, नुकतंच नसबंदीचं ऑपरेशन करून आलेला, अवघडून चालणारा मध्यमवयीन माणूस, तिच्याकडे बघतो आणि गाडी जाऊ देतो. सागा त्याची तक्रार करते. त्याच रात्री भेटलेल्या, दुसऱ्या देशाच्या पोलिसाची, एका मरणाऱ्या माणसाला वाट दिली म्हणून.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तिचा संताप आला होता. मार्टिन एकदम आवडून गेला. हा आपल्यातला माणूस. नियम माहीत असून माणसाकडे बघणारा, सांभाळून घेणारा.

मराठीत हा शब्द किती ठिकाणी येतो! नवी सून स्वयंपाकात चुकली की सासूबाईंना शेजारीण सांगते, "सांभाळून घ्या." सभेत वक्ता अडखळला तर अध्यक्ष सांभाळून घेतात. हिशेबात चूक निघाली तर साहेबांना म्हणायचं, "एवढ्या वेळी सांभाळून घ्या." चूक पोटात घालायची. झाकली मूठ ठेवायची. या सगळ्या शब्दांना माया आहे, ऊब आहे. आणि जो सांगतो त्याच्यासाठी काय शब्द आहेत? चहाडी. चुगली. लावालावी. घरभेदी. दिसलेली चूक जिथे सांगायला हवी तिथे जाऊन सांगणं, या कृतीला मराठीत एकही साधा, मायेचा शब्द मला आजवर सापडलेला नाही. तक्रार म्हणावं तर तीही आपल्याकडे कुरकुरीच्याच जवळ जाते.

मार्टिनला तीन बायकांपासून पाच मुलं आहेत. तो हसवतो, समोरच्याला मोकळं करतो. सागाला माणसं कशी वागतात हे कळत नाही. ती ऑफिसमध्ये सगळ्यांसमोर शर्ट बदलते, मनात आलेलं तसंच बोलते, कुणाचं सांत्वन करायचं तर शब्द शोधत बसते. तिला काही आजार किंवा वेगळेपण आहे का, याला मालिका शेवटपर्यंत नाव देत नाही, आणि हे मला फार योग्य वाटतं. नाव दिलं असतं तर तिचा खरेपणा हे एक लक्षण होऊन बसलं असतं. सोफिया हेलिननं ती अशी उभी केलीय की हिला खोटं बोलता येत नाही एवढंच आपल्याला कळतं, आणि हळूहळू हेही कळतं की त्यामुळे ती किती एकटी आहे. मार्टिन तिला शिकवत राहतो. माणसं एकमेकांना बरं वाटावं म्हणून थोडं खोटं बोलतात, सहकाऱ्याचं कौतुक करावं, असं काहीबाही. त्याच्याइतक्या धीरानं तिच्याशी आजवर कुणी बोललेलं नसावं.

पण मार्टिनचा हा मोकळेपणा कुठून येतो हेही मालिका दाखवत जाते. ज्या ॲम्ब्युलन्सला त्यानं वाट दिली, तिच्यातल्या त्याच बाईशी तो पुढे संबंध ठेवतो, घरी बायको असताना. दुसऱ्याला 'नाही' म्हणणं त्याला जमत नाही, तसं स्वतःलाही जमत नाही. मार्टिन झालेल्या किम बोडनियाचा तो गोल, थकलेला, प्रेमळ चेहरा पाहताना हे दोन धागे वेगळे काढता येत नाहीत. दया आणि ढिलेपणा एकाच सुताचे निघतात. मला वाटतं, या मालिकेतलं सर्वांत खरं लिखाण हेच आहे. भ्रष्ट पोलीस आपण पुष्कळ पाहिलेत, पैसे खाणारे, दारू पिणारे, आरोपीला मारणारे. मार्टिन तसा नाही. तो चांगला माणूस आहे आणि त्याच्या चांगुलपणाच्या आतच ती कीड आहे.

खुनी स्वतःला समाजाचा कैवारी म्हणवतो. कायदा सगळ्यांना सारखा नाही, बेघरांकडे कुणी पाहत नाही, मनोरुग्णांना वाऱ्यावर सोडलंय, बाहेरून आलेल्यांना समाजानं सामावून घेतलं नाही, आपल्या स्वस्त वस्तूंमागे लहान मुलांची मजुरी आहे. एकेका प्रश्नासाठी एकेक बळी. प्रश्न सगळे खरे असतात, त्यामुळे लोकांनाही तो काही अंशी पटू लागतो. शेवटी कळतं की हा सगळा देखावा. तो येन्स, मार्टिनचा जुना सहकारी, जुना मित्र. मार्टिनचे त्याच्या बायकोशी संबंध होते. ती बायको आणि मुलगा याच पुलावरच्या अपघातात गेले. येन्सला सूड घ्यायचाय तो एका माणसावर. तो मार्टिनच्या मोठ्या मुलाला, आउगुस्टला, पळवतो.

पहिल्या सीझनचा शेवट पुन्हा पुलावर. मार्टिनच्या हातात पिस्तूल, समोर येन्स. येन्सला त्याच्या हातून मरायचंच आहे. मार्टिनला खुनी करून सोडलं की त्याचा सूड पुरा होणार. आउगुस्ट मेलाय हे सागाला कळलेलं असतं. मार्टिननं गोळी झाडू नये म्हणून ती म्हणते, तो जिवंत आहे. आयुष्यात कधी नव्हे ते, मित्रासाठी, त्यानंच शिकवलेलं खोटं. आणि मार्टिनला तिच्या चेहऱ्यावरूनच कळतं की मुलगा गेला. तो झाडणार एवढ्यात सागा त्यालाच गोळी घालून थांबवते. हा प्रसंग मी दोन्ही वेळा उभी राहून पाहिलाय. बसवलंच नाही.

दुसरा सीझन २०१३ चा. त्यात विषप्रयोग आहे, पर्यावरणाच्या नावानं दहशत माजवणारी मुलं आहेत, पुलाकडे येणारं जहाज आहे. त्या सगळ्यावर मी वेळ घालवणार नाही. त्याच्या आत हळू चालणारी गोष्ट एवढीच की मार्टिन घर सोडून एकटा राहतोय, सैरभैर झालाय, आणि तुरुंगात जाऊन येन्सला भेटू लागलाय. वाटतं, तो मनाची शांती शोधतोय. मग एक दिवस येन्स कोठडीत मेलेला सापडतो. विष. सगळ्यांना वाटतं आत्महत्या. सागा धागे जुळवते आणि तिला कळतं की हे मार्टिननं केलंय. ती जाऊन सांगते. पोलीस येतात, मार्टिनला घेऊन जातात. सीझन संपतो.

पहिल्या रात्री ॲम्ब्युलन्ससाठी केलेली तक्रार, आणि आता ही. मधल्या काळात तो तिचा एकुलता एक मित्र झालेला असतो.

लेखकानं इथे काय केलंय ते पाहा. मेलेला माणूस क्रूर आहे, त्यानं मित्राचं मूल मारलंय, त्याच्यासाठी कुणी अश्रू ढाळणार नाही. मारणारा बाप आहे. कुणाला काही कळलेलं नाही आणि कळण्याची शक्यताही नाही. म्हणजे सांभाळून घ्यायला याहून मोठं कारण मिळायचं नाही. सगळ्या बाजूंनी वाट मोकळी करून ठेवलीय, आणि त्या वाटेनं सागा जात नाही.

एक वर्ष आधी, २०१२ मध्ये, 'फोर्ब्रूडेल्सन' ही डॅनिश मालिका संपली होती. तिची पोलीस अधिकारी सारा लुंड ही सागाची थोरली बहीण शोभावी अशी. पहिल्या सीझनमध्ये एका मुलीच्या खुनाचे वीस दिवस वीस भागांत दाखवणारी ती मालिका. तिच्या अगदी शेवटी लुंडसमोर एक श्रीमंत, सभ्य दिसणारा अपराधी आहे. त्यानं केलंय हे तिला माहीत आहे, कायद्याच्या हाती तो लागणार नाही हेही माहीत आहे. ती त्याला गोळी घालते. तिचा जुना मित्र आणि सहकारी बोर्क तिला निसटायला मदत करतो. लुंड विमानात बसते. बोर्क सांभाळून घेतो, सागा घेत नाही. दोन्ही शेवट अंगावर येतात. पण बोर्कला पाहून मला रडू आलं आणि सागाला पाहून झोप लागली नाही.

डेन्मार्क हा जगातल्या सर्वांत कमी भ्रष्ट देशांपैकी एक, पाहण्यांमध्ये वर्षानुवर्षं अगदी वरच्या क्रमांकावर. स्वीडनमध्ये सरकारी कागद नागरिकांना पाहू देण्याचा कायदा १७६६ सालचा, जगातला पहिला. असे समाज आपोआप होत नसावेत. कुणीतरी, कधीतरी, आपल्या माणसाचं नाव जाऊन सांगितलेलं असणार, रात्री जागून, रडून. त्याची किंमत काय पडते हे त्यांनी इतक्या उघडपणे दाखवावं, याचं मला मोल वाटतं. तिसऱ्या सीझनमध्ये मार्टिन नाही. किम बोडनिया परतलाच नाही. त्या रिकाम्या जागेत सागा वावरते, आणि बरोबर वागल्याचं कसलंही समाधान तिच्या वाट्याला येत नाही.

२०१९ च्या मे महिन्यात मी तो पूल पाहिला. भाची तिकडे नोकरीला आहे, ती म्हणाली, "मावशी, तुला दुसरं काहीच बघायचं नाही का गं?" कोपनहेगनहून माल्मोला जाणारी आगगाडी आधी समुद्राखालच्या बोगद्यात शिरते, सुमारे चार किलोमीटर. मग एका माणसानं बनवलेल्या बेटावर वर येते. शेजारच्या जुन्या बेटाचं नाव मिठाचं, साल्टहोल्म, म्हणून या नव्याचं नाव मिऱ्याचं, पेबरहोल्म. तिथे कुणाला जाऊ देत नाहीत, झाडं आणि पक्षी आपापले येऊन वसलेत. मग पूल, जवळजवळ आठ किलोमीटर. मोटारी वरच्या मजल्यावरून, गाडी खालच्या, त्यामुळे समुद्र लोखंडी तिरप्या तुळयांमधून तुकड्यातुकड्यानं दिसतो. सरहद्दीची रेषा मी डोळे फाडून शोधली, दिसली नाही. पलीकडे हिल्ले स्टेशनावर पोलीस डब्यात चढले आणि पासपोर्ट पाहिले. मग भाची सांगत होती, माल्मो, सगळा स्कोने प्रांतच, पूर्वी डेन्मार्कचा. १६५८ च्या तहात तो स्वीडनकडे गेला. मालिकेत सागा स्वीडिश बोलते, मार्टिन डॅनिश, आणि दोघं समजून घेतात. पुणेकरानं मालवणी ऐकावी तसं, शब्द कळतात, सूर निसटतो.

मी हे सगळं ऐकत होते आणि डोक्यात मात्र आमच्या पतसंस्थेतलं काउंटर होतं.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत होते. मला काम शिकवलं ते आमच्या शाखेतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी. सगळे त्यांना दादा म्हणायचे. कीर्द कशी लिहायची, खतावणीशी ताळमेळ कसा घालायचा, चिडलेल्या खातेदाराला आधी पाणी कसं द्यायचं, सगळं त्यांचं. माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा सलग अकरा रात्री ते बाहेरच्या बाकावर झोपायला आले. माझ्या सख्ख्या भावाला जमलं नव्हतं ते.

त्याच वर्षी मार्चअखेरीला ताळमेळ घालताना एका निष्क्रिय खात्यातून चाळीस हजार निघालेले मला दिसले. खातेदार वारून आठ महिने झाले होते. पावतीवर त्याची सही होती. अक्षर मला ओळखायला वेळ लागला नाही, त्याच अक्षरात मी काम शिकले होते. दादांना मी काही विचारलंच नाही. पावती त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती पाहिली, चष्मा काढला आणि म्हणाले, "पोरीची फी भरायची होती, ताई. तीन महिन्यांत टाकतो. एवढ्या वेळी सांभाळून घ्या." मी पावती गठ्ठ्यात परत लावली आणि ताळमेळाच्या तक्त्यावर सही केली.

त्यांनी शब्द पाळला. थोडा उशीर झाला, पाच महिने लागले, पण सगळी रक्कम परत आली. कुणाचं नुकसान झालं नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले.

पण त्या पाच महिन्यांत त्या खातेदाराची बायको चार वेळा आली होती. वारस म्हणून तिचं नाव होतं, कागद पुरे होते. लांबच्या वाडीवरून एसटीनं यायची, पिशवीत भाकरी आणि मृत्यूचा दाखला. पहिल्यांदा दादांनी सांगितलं, एक कागद कमी आहे. दुसऱ्यांदा, साहेब रजेवर आहेत. तिसऱ्यांदा ते जागेवर नव्हते. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी तिला म्हणाले, "मावशी, पुढच्या महिन्यात या." आवाजात शक्य तेवढी माया आणून म्हणाले. तिनं मान डोलावली. मी तिला पाणीसुद्धा दिलं, दादांनी शिकवल्याप्रमाणे. चौथ्यांदा आली तेव्हा पैसे मिळाले. तिनं आम्हा दोघांना हात जोडले.

सागा मला कळली ती तिथे, त्या पाण्याच्या ग्लासाशी. ती निर्दय आहे असं मला आता वाटत नाही. आम्ही, मी आणि मार्टिन, समोर जो उभा आहे त्याला पाहतो. त्याचे डोळे, त्याचे उपकार, त्याचं दुःख. जो तिथे नाही, ज्याची गाडी सुटलीय, जो तीन वेळा परत पाठवला गेलाय, तो आमच्या दयेत बसत नाही, कारण तो आमचा नाही. सागाला 'आपला' आणि 'परका' हा फरकच नीट येत नाही. म्हणून ती मार्टिनवर अन्याय करते की त्याच्यावर सर्वांत जास्त विश्वास ठेवते, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. दुसऱ्यांदा पाहताना एवढं मात्र वाटलं की तिनं गप्प राहून त्याच्याशी पूर्वीसारखं बोलत राहणं शक्यच नव्हतं. मी दादांशी बोलत राहिले. पंधरा वर्षं. पण त्या मार्चनंतर त्यांनी मला एकही नवी गोष्ट शिकवली नाही, आणि मीही विचारली नाही. दोघंही एकमेकांशी फार चांगलं वागत होतो.

मी सांगायला हवं होतं का? सांगितलं असतं तर त्यांची नोकरी गेली असती, पोरीचं शिक्षण थांबलं असतं. त्या अकरा रात्री माझ्या डोळ्यांसमोर होत्या. आजही मला खात्रीनं उत्तर देता येत नाही. एवढं कळतं की मधला एक रस्ता होता. माझ्या बांगड्या होत्या, त्या मोडून चाळीस हजार भरता आले असते, निदान निम्मे तरी. ते मला सुचलंच नाही. सांभाळून घेण्याची किंमत स्वतः भरायची असते हे डोक्यात आलं नाही. ती त्या बाईनं एसटीच्या तिकिटांत भरली.

चौथ्या सीझनच्या शेवटी सागा त्या पुलावर गाडी थांबवते. फोन उचलताना ती कायम एकच वाक्य म्हणत आलीय, "सागा नोरेन, लेन्सक्रिम, माल्मो." नाव, खातं, गाव. पोलिसाचा बिल्ला ती समुद्रात टाकते. फोन वाजतो. ती म्हणते, "सागा नोरेन." आणि तेवढ्यावरच थांबते. तिला पहिल्यांदाच खात्याशिवाय पाहिलं आणि मला तिच्यासाठी इतका आनंद झाला की मी तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा लावला.

दादा दोन वर्षांपूर्वी गेले. मी भेटायला गेले तेव्हा त्यांची मुलगी दारातच भेटली. आता ती डॉक्टर आहे, आमच्याच तालुक्यात तिचा दवाखाना आहे, वाडीवरच्या लोकांकडून फारसे पैसे घेत नाही असं सगळे सांगतात. ती माझ्या पाया पडली. म्हणाली, "बाबा नेहमी म्हणायचे, ताईंनी आपल्याला सांभाळून घेतलं." म्हणजे त्यांनी घरी सांगितलं होतं. तिला सगळं माहीत होतं. तिनं मला आत नेलं, खुर्ची दिली आणि आधी पाण्याचा पेला आणून हातात दिला.